उन्हाळी टोमॅटो: टुटा ओळखा, मगच पंप उचला

फेब्रुवारी-मार्चमध्ये टोमॅटो लावणार असाल तर टुटा या पानं-फळं पोखरणाऱ्या किडीचा बंदोबस्त रोपं ट्रेमध्ये असतानाच सुरू करा. ऊन चढलं की या पतंगाची एक पिढी महिन्याभरात पुरी होते आणि एक मादी अडीचशेपर्यंत अंडी घालते.

हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. १९१७ साली पेरू देशातल्या नमुन्यांवरून त्याची शास्त्रीय नोंद झाली. २००६ मध्ये तो स्पेनमध्ये दिसला आणि २०१४ मध्ये पुण्याकडच्या टोमॅटोवर.

बहुतेकांची चूक ओळखण्यातच होते. आपली जुनी नागअळी पानावर बारीक नागमोडी रेघ ओढते. टुटाची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमधला गर खाते, त्यामुळे रुंद पांढरट चट्टा पडतो आणि पुढे तो वाळतो. मग करपा समजून बुरशीनाशकाची फवारणी होते, पैसे वाया! पान उजेडाकडे धरा. आत हिरवट-गुलाबी अळी आणि काळी विष्ठा दिसली की टुटाच. फळावर देठाजवळ टाचणीने टोचल्यासारखं भोक दिसतं.

लागवडीच्या आधीच एक-दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावून पतंग येतात का ते पाहा. येत असतील तर एकरी १६ सापळे लावा. माझं मत पाण्याच्या सापळ्याला: पसरट टोपलं, त्यात पाणी, वर तेलाचे थेंब आणि मधोमध टुटाचीच वासाची वडी. घाटेअळीची वडी इथे चालत नाही. सापळा जमिनीपासून फूटभरच ठेवा, कारण हा पतंग खालूनच फिरतो. बांबूच्या टोकाला टांगलेले सापळे पाहिले की हसावं का रडावं कळत नाही.

चट्टे पडलेली पानं दर आठवड्याला खुडून पिशवीत भरा. बांधावरची कामोणी उपटा, तिच्यावरही टुटा वाढतो. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. पुढे रासायनिक औषध लागलंच तर लेबलवर टोमॅटो आणि ही कीड दोन्ही लिहिलेलं घ्या, त्यावरचंच प्रमाण वापरा आणि पुढच्या फवारणीला औषधाचा गट बदला, म्हणजे वेगळ्या प्रकारे कीड मारणारं औषध घ्या. नाव वेगळं पण घटक तोच, असं होऊ देऊ नका. तोडा तोंडावर असेल तर काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणीनंतर तोड्यापर्यंत किती दिवस थांबायचं ते, लेबलवर पाहा.

बाजारातून परत आलेले क्रेट धुऊनच शेतात न्या. कोष त्यांच्या फटीतही असतात. शेवटचा तोडा झाला की झाडं तारेवर वाळत ठेवू नका. उपटून खड्ड्यात गाडा, शेजारी नवी लागवड असेल तर त्याच दिवशी.