पूलमधला फाऊल बघायला शिकताना

पूलच्या टेबलावर फाऊलवरून होणारे वाद नियम माहीत नसल्यामुळे कमी आणि तीन-चार खेळांचे नियम डोक्यात एकत्र झाल्यामुळे जास्त होतात. आपल्याकडे बरेच जण स्नूकरकडून पूलकडे येतात, आणि ते साहजिकच आहे. स्नूकर जन्मलाच १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. क्लबांत मोठं टेबल आधी आलं, पूलचं नंतर. त्यामुळे हात पूल खेळत असतात आणि डोकं स्नूकरचे नियम लावत असतं.

मी पुण्यात स्नूकरला मार्किंग, म्हणजे गुण नोंदवण्याचं काम, करता करता पूलच्या स्पर्धांना रेफरी म्हणून उभी राहू लागले. आता नवीन मुलं-मुली खेळायला किंवा रेफरी व्हायला येतात, तेव्हा त्यांना मी आधी हे मिश्रण वेगळं करायला लावते. बिलियर्ड्समध्ये इन-ऑफ गेला, म्हणजे क्यूने (काठीने) मारायचा बॉल दुसऱ्या बॉलला लागून पॉकेटमध्ये पडला, की गुण मिळतात; पूलमध्ये व्हाइट, म्हणजे मारायचा पांढरा बॉल, पॉकेटमध्ये गेला की फाऊल. स्नूकरमध्ये ऑन असलेल्या, म्हणजे त्या वेळी आधी लागायला हव्या असलेल्या बॉलला व्हाइट नुसता लागला तरी पुरतं. पूलमध्ये पुढे कुशनची, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेचीही अट आहे. स्नूकरमध्ये बॉलवरून उडी मारून खेळणं फाऊल धरतात. पूलमध्ये क्यू मागून उचलून, वरून मारून घेतलेला जम्प शॉट चालतो. व्हाइटच्या खाली टिप (क्यूचं टोक) घालून तो मुद्दाम उचलला, तर मात्र फाऊल. शिवाय पार्लरमधला ‘फाऊल झाला, आता दोन शॉट’ हा प्रकार ब्रिटिश पबमधल्या पूलचा आहे. जागतिक नियमांत फाऊलनंतर समोरच्याला बॉल इन हँड मिळतो, म्हणजे व्हाइट टेबलावर हवा तिथे ठेवून खेळता येतं. ही शिक्षा फार जबर आहे. चांगला खेळाडू तिच्यावर अख्खा रॅक, म्हणजे पूर्ण डाव, साफ करतो, म्हणूनच फाऊल अचूक ओळखणं गरजेचं ठरतं.

सगळ्यात जास्त आवाज चढतात ते डबल हिटवरून. व्हाइट आणि समोरचा बॉल यांच्यात टिपला लावायच्या चॉकच्या वडीच्या रुंदीएवढी किंवा त्याहून कमी फट आहे आणि खेळाडू सरळ समोर मारतो. टिपने व्हाइटला ढकललं, व्हाइट पुढच्या बॉलवर आदळून क्षणभर थांबला आणि पुढे येत असलेली टिप त्याला पुन्हा लागली, तर फाऊल. पण ‘मला दोनदा लागलेलं दिसलं’ असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. टिप आणि व्हाइटचा संपर्क साधारण एक हजारांश सेकंद टिकतो, तो डोळ्यांना दिसत नाही. हल्ली फोनवर स्लो मोशन काढून दाखवतात. सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या फोनमध्येही दोन चित्रांत चार हजारांश सेकंदांहून जास्त वेळ जातो, म्हणजे दुसरा स्पर्श दोन चित्रांच्या मधेच होऊन जाऊ शकतो.

मग निकाल कशावरून द्यायचा? बॉल नंतर कसे धावले त्यावरून. दोन्ही बॉलचं वजन जवळपास सारखं असतं. अशा बॉलची समोरासमोर, पूर्ण टक्कर झाली की व्हाइट आपला जवळजवळ सगळा वेग देऊन टाकतो आणि जागेवर थबकतो. फॉलो, म्हणजे पुढची फिरकी, दिलेला असेल, तर थबकून मग फिरकीच्या जोरावर पुढे निघतो. ते थबकणं दिसतं. याउलट व्हाइट न थबकता समोरच्या बॉलच्या मागोमाग जवळपास त्याच वेगाने धावत सुटला, तर डबल हिट झाली असं समजा. जुन्या नियमपुस्तकात याला एक माप दिलं होतं: शंका असेल तिथे टक्कर झालेल्या जागेच्या पुढे व्हाइट अर्ध्या बॉलपेक्षा जास्त गेला तर फाऊल. पूलचा बॉल सुमारे ५७ मिलिमीटरचा, म्हणजे अर्धा बॉल तीनेक सेंटीमीटर. माप ढोबळ असलं तरी नजर बसायला त्याचा फार उपयोग होतो.

तिरकी टक्कर असेल तर स्पर्शरेषा बघा. समोरचा बॉल ज्या दिशेने गेला, तिच्याशी काटकोन करून व्हाइट सुटायला हवा. त्या रेषेच्या पुढे तो ताबडतोब झेपावला तर दुसरा धक्का टिपचाच. आणि ‘मी पंचेचाळीस अंशात क्यू उचलून मारला, म्हणजे फाऊल होऊच शकत नाही’ हा युक्तिवाद तुम्हाला पहिल्याच स्पर्धेत ऐकायला मिळेल. क्यू उचलल्याने टिपची पुढची धाव आखूड होते, एवढंच. निकाल शेवटी बॉलच्या वाटेवरूनच. अपवाद एकच, व्हाइट जवळच्या बॉलच्या कडेला नुसता घासून गेला असेल तर तो शॉट योग्य मानतात.

व्हाइट समोरच्या बॉलला चिकटलेलाच असेल तर सगळं चित्र बदलतं. चिकटलेल्या बॉलच्या दिशेने पूलमध्ये सरळ मारता येतं, अर्थात तो कायदेशीर लक्ष्य असेल तर. तेव्हा दोन्ही बॉल एकत्र पुढे धावतात आणि ते योग्य असतं. म्हणजे तेच दृश्य फट असताना फाऊल आणि फट नसताना बरोबर. म्हणून खरं काम शॉटच्या आधीचं आहे. टेबलाला हात न लावता वाकायचं, दोन बाजूंनी बघायचं, मधून उजेड येतो का ते तपासायचं आणि ‘चिकटलेला आहे’ किंवा ‘चिकटलेला नाही’ हे दोघांना ऐकू जाईल असं सांगायचं. शॉट झाल्यावर हा प्रश्न विचारून काहीच हाती लागत नाही.

कुशनच्या नियमातही हीच सवय लागते. नियम असा: व्हाइटने योग्य बॉलला स्पर्श केल्यानंतर एखादा बॉल पॉट झाला (पॉकेटमध्ये पडला) पाहिजे, नाहीतर कुठला तरी बॉल कुशनला लागला पाहिजे. यातला ‘नंतर’ महत्त्वाचा. व्हाइट आधी कुशनला लागून मग बॉलवर हळूच टेकला आणि सगळं तिथेच थांबलं, तर फाऊल. कुठलाही बॉल चालतो, अगदी प्रतिस्पर्ध्याचा किंवा स्वतः व्हाइटसुद्धा. अडचण येते ती कुशनला आधीच चिकटलेल्या बॉलची. समजा नाइन-बॉलमध्ये, जिथे सर्वात कमी नंबरचा बॉल आधी लागावा लागतो, दोन नंबर लांब कुशनला चिकटून आहे आणि खेळाडू सेफ्टी म्हणून, म्हणजे समोरच्याला सोपा शॉट मिळू नये म्हणून, व्हाइट त्याच्यावर हलका आणून सोडतो. दोन नंबर जागच्या जागी हलतो, व्हाइट त्याच्याशेजारी थांबतो. हा फाऊल आहे, कारण चिकटलेला बॉल कुशन सोडून परत आला किंवा दुसऱ्या कुशनला लागला तरच मोजतात. पण तो चिकटलेला आहे हे कुणीतरी आधी जाहीर केलेलं हवं. कुणीच काही बोललं नसेल तर तो सुटा होता असंच धरतात. सेफ्टी खेळणाऱ्यासमोर बसलेल्या प्रत्येकाने इथे खुर्चीतून उठून टेबलाजवळ जावं, संकोच करू नये.

व्हाइट दोन बॉलना जवळपास एकाच वेळी लागला आणि आधी कुठला, हे ठरवता येत नसेल तर निकाल खेळणाऱ्याच्या बाजूने. तरी प्रयत्न करा. डावीकडचा बॉल आधी लागला असेल तर व्हाइट उजवीकडे वळतो. उजवीकडचा लागला असेल तर डावीकडे. उभं राहायची जागा आधीच धरून ठेवली, तर हे बहुतेक वेळा दिसतं.

हात, बाही, ओढणी, केस किंवा टेबलावर ठेवलेला चॉक बॉलला लागला तर? रेफरी असताना कुठल्याही बॉलला असा स्पर्श झाला की फाऊल. रेफरी नसलेल्या सामन्यांत बहुधा फक्त व्हाइटचा स्पर्श फाऊल धरतात. दुसरा बॉल हलला तर तो आहे तिथे ठेवायचा की पूर्वीच्या जागी न्यायचा, हे प्रतिस्पर्धी ठरवतो. मात्र हललेल्या बॉलमुळे शॉटचा परिणाम बदलला किंवा त्याला न विचारता पुढे खेळलात, तर तोही फाऊल. तुमच्या स्पर्धेत यातलं काय लागू आहे ते पहिल्या ब्रेकआधी, म्हणजे डाव उघडणाऱ्या शॉटआधी, विचारून घ्या. गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवायला मी सगळ्यांनाच सांगते.

एट-बॉलमध्ये आपल्या गटातले बॉल पाडून शेवटी काळा, म्हणजे आठ नंबर, पाडायचा असतो. या काळ्याबद्दलचे गैरसमज फार पक्के असतात. काळा ब्रेकवर पडला की गेम जिंकला, असं पार्लरमध्ये मानतात. जागतिक नियमांत ब्रेक करणाऱ्याला काळा परत स्पॉटवर (टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर) ठेवून पुढे खेळायचा किंवा पुन्हा ब्रेक करायचा पर्याय मिळतो. काळ्यावर खेळताना व्हाइट पॉकेटमध्ये गेला पण काळा टेबलावरच राहिला, तर गेम जात नाही, फक्त फाऊल होतो. काळा पडला आणि त्याच शॉटमध्ये फाऊलही झाला, तर गेम गेला. आपल्या गटातला शेवटचा बॉल आणि काळा एकाच शॉटमध्ये पडले तरी गेला.

फाऊल पुकारायची वेळही ठरलेली आहे. पुढचा शॉट सुरू झाला की मागचा फाऊल झालाच नव्हता असं मानतात. तेव्हा मनात शंका असेल तर लगेच बोला. त्याहून चांगलं म्हणजे अवघड शॉटच्या आधीच ‘जरा थांबा, कुणाला तरी बघायला बोलवू या’ असं म्हणा. याचा अर्थ समोरच्यावर अविश्वास असा होत नाही. अनुभवी खेळाडू स्वतःच हात वर करून रेफरीला बोलावतात. मोठ्या आवाजात, ओळखीच्या मुलांसमोर, पैसे भरून खेळत असतानाही हे शांतपणे म्हणता येणं मला फार मोलाचं वाटतं. काका-दादा मंडळींसमोर नवीन मुली गप्प बसतात, त्यांना मी हे वाक्य मोठ्याने म्हणायचा सरावच करायला लावते.

रेफरी म्हणून उभं राहायचं असेल तर राज्य संघटनेकडे चौकशी करा आणि सुरुवातीला क्लबच्या स्पर्धेत नाइन-बॉलचं टेबल मागून घ्या. तिथे सर्वात कमी नंबरचा बॉल आधी लागला पाहिजे, त्यामुळे प्रत्येक शॉटला पहिला स्पर्श बघावाच लागतो. तीन फाऊलचा नियम (लागोपाठ तीन फाऊल झाले की रॅक गेला) लागू असेल तर मोजणीही करावी लागते. लागोपाठ दोन फाऊल झालेला खेळाडू टेबलाकडे आला की तो खेळायच्या आधी ‘दोन फाऊलवर आहात’ असं स्पष्ट सांगायचं. ते सांगायचं राहिलं, तर त्याचा तिसरा फाऊल दुसराच मोजला जातो आणि रॅक पुढे चालू राहतो.