बँडविड्थ उद्याची, हिशोब आजचा: वेळाधारित आरक्षण सेवेच्या रचनेत या चुका टाळा

वेळाधारित आरक्षण सेवा म्हणजे नेटवर्कमधल्या मार्गावर ठरावीक बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) पुढच्या ठरावीक वेळेसाठी आधीच राखून देणारी सेवा. तिच्याकडे आरक्षणाची विनंती मंजूर झाली, लॉगमध्ये तशी नोंदही आहे, पण ठरलेल्या मिनिटाला मार्ग काही उभा राहत नाही. किंवा याच्या उलट: लिंक निम्मी रिकामी पडलेली आणि सेवा मात्र ‘क्षमता शिल्लक नाही’ म्हणून विनंत्या परत पाठवतेय. वेळाधारित आरक्षण सेवेबद्दलच्या तक्रारी बहुतेक या दोन जातींच्या असतात. खणत गेलं की खाली बऱ्याचदा एकच कारण सापडतं. ‘आत्ता हवी, आत्ता घ्या’ या तत्त्वावरची जुनी आरक्षण यंत्रणा उचलली, तिच्या टेबलाला ‘सुरुवात’ आणि ‘शेवट’ असे दोन कॉलम जोडले आणि सेवा तयार झाली असं धरून चाललं.

जुन्या यंत्रणेत भविष्यकाळ नसतोच. आरएसव्हीपी घ्या, म्हणजे राउटरना बँडविड्थ राखायला सांगणारा प्रोटोकॉल, १९९७ चा आरएफसी २२०५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक रचनांचे क्रमांकित दस्तऐवज). निरोप मार्गातल्या राउटरपर्यंत पोहोचला की आरक्षण त्याच क्षणी लागू होतं, आणि साधारण दर ३० सेकंदांनी ताजं केलं नाही तर काही काळाने आपोआप गळून पडतं. ‘पुढच्या मंगळवारी दुपारी दोन तास’ हे त्या भाषेत बोलताच येत नाही. आणि नुसते दोन कॉलम वाढवल्याने ती भाषा बदलत नाही.

भविष्यातली आरक्षणं राउटरवर ठेवणं

ही पहिली चूक, आणि सगळ्यात महागात पडणारी. मार्गातल्या प्रत्येक राउटरला पुढच्या सहा महिन्यांची आरक्षणं सांगून ठेवली की प्रत्येकाने ती जपायची, रीस्टार्टनंतर परत मिळवायची, आणि एखादी लिंक तुटली की अजून सुरूही न झालेल्या शेकडो आरक्षणांसाठी नव्या मार्गांवर निरोप धाडत बसायचं. शिवाय प्रत्येक लिंकवर कोणत्या तासाला किती जागा उरली आहे, हे राउटिंग प्रोटोकॉलमधून सगळ्यांना कळवत राहायचं. हा भार वाढतच जातो.

२०१८ मधल्या आरएफसी ८४१३ ची मांडणी याच अडचणीतून आली आहे. वेळेची माहिती नोडवर, म्हणजे राउटरवर ठेवू नका, मार्ग काढून देणाऱ्या मध्यवर्ती घटकाकडे, म्हणजे पीसीईकडे ठेवा. तिथल्या ट्रॅफिक डेटाबेसला (लिंक आणि त्यांच्या क्षमतेच्या नोंदीला) काळाची मिती द्या, मंजूर मार्गांचा डेटाबेसही वेळेसकट सांभाळा. राउटरला फक्त वर्तमान कळावं. वेळ झाली की त्याच्याकडे निरोप येईल. २०२० च्या आरएफसी ८९३४ ने यासाठी पीसीईशी बोलण्याच्या पीसीईपी प्रोटोकॉलमध्ये सुरुवात, कालावधी आणि पुनरावृत्तीची फील्डं दिली.

मात्र एकाच नेटवर्कसाठी दोन पीसीई चालू असतील आणि त्यांचे डेटाबेस काही सेकंदांनी जरी मागेपुढे असतील, तरी तीच जागा दोनदा विकली जाते. ‘मध्यवर्ती’ म्हणजे यंत्र एकच असायला हवं असं नाही, पण लिहिण्याचा अधिकार एका वेळी एकाकडेच हवा.

क्षमतेचा हिशोब चुकीच्या क्षणी करणं

इथे जरा थांबू, कारण ही चूक चाचणीत दिसत नाही.

१० गिगाबिटची लिंक आहे. तिच्यावर दोन आरक्षणं आहेत: ६ गिगाबिट, १० ते १२ वाजेपर्यंत, आणि ३ गिगाबिट, ११ ते १ वाजेपर्यंत. आता विनंती येते: ३ गिगाबिट, साडेनऊ ते साडेबारा. साडेनऊला लिंक पूर्ण रिकामी. साडेबाराला ३ वापरात, ७ मोकळे. फक्त दोन टोकं तपासणारा कोड आनंदाने होकार देतो. पण ११ ते १२ या तासात ९ गिगाबिट आधीच गेलेले आहेत, १ उरलाय. म्हणजे विनंती नाकारायला हवी होती. तक्रार येईल ती ११ वाजता, आणि ती बहुधा दुसऱ्याच कुणाची असेल.

याला घाबरून काही जण उलट्या टोकाला जातात. मागितलेल्या काळाला स्पर्श करणाऱ्या सगळ्या आरक्षणांची बेरीज करतात. समजा त्याच लिंकवर ६ गिगाबिट १० ते ११ आणि वेगळे ६ गिगाबिट ११ ते १२ असे दिलेले आहेत. विनंती ४ गिगाबिटची, १० ते १२. बेरीज करणाऱ्याच्या लेखी १२ अधिक ४, म्हणजे १६, नकार. प्रत्यक्षात कुठल्याही क्षणी ६ पेक्षा जास्त वापर नाही आणि ४ अगदी बरोबर बसतात. निम्मी रिकामी लिंक ‘भरलेली’ दिसण्याचं हे नेहमीचं कारण.

बरोबर पद्धत अशी: मागितलेल्या काळात ज्या ज्या क्षणी वापर बदलतो ते सगळे क्षण वेळेनुसार लावायचे, प्रत्येक टप्प्यावरचा वापर काढायचा आणि त्यातला सर्वाधिक आकडा बघायचा. मार्गात पाच लिंक असतील तर पाचही लिंकवर हेच.

आणखी एक बारकावा. १० ते ११ आणि ११ ते १२ ही दोन आरक्षणं ११ च्या ठोक्याला एकमेकांवर येतात का? सुरुवातीचा क्षण आरक्षणात धरायचा आणि शेवटचा सोडायचा, हा नियम स्पेसिफिकेशनमध्ये लिहून ठेवा. तुलनेत एका ठिकाणी ‘लहान’ आणि दुसरीकडे ‘लहान किंवा समान’ असं झालं की पाठोपाठची आरक्षणं विनाकारण भांडू लागतात.

मुदत नसलेली आरक्षणं

ज्यांनी शेवटची वेळ दिलीच नाही, त्यांचं काय? डेटाबेसमध्ये तिथे रिकामी जागा असते आणि वरचा हिशोब त्यांना कधी अनंत धरतो, कधी शून्य. शून्य धरलं तर चालू असलेला वापर अदृश्य होतो. अनंत धरलं तर पुढची सगळी दारं बंद. माझं मत स्पष्ट आहे: मुदत नसलेलं आरक्षण या सेवेत घेऊच नये, कमाल कालावधी आणि किती आधी बुक करता येईल याची मर्यादा, दोन्ही पहिल्याच आवृत्तीत असाव्यात. या मर्यादा नंतर आणायला गेलं की कुणीतरी आधीच वर्षभराची जागा अडवून बसलेलं असतं.

घड्याळाबद्दलच्या समजुती

आरएफसी ८९३४ मध्ये सुरुवातीची वेळ ३२ बिटांत, सेकंदांमध्ये जाते. ती ठरावीक क्षण म्हणून देता येते किंवा ‘आतापासून इतक्या सेकंदांनी’ अशी सापेक्षही देता येते. सापेक्ष वेळ सोपी वाटते, घड्याळं जुळवायची गरज नाही असं वाटतं. पण ‘आता’ कुणाचं? पाठवणाऱ्याचं की मिळवणाऱ्याचं? निरोप वाटेत रेंगाळला किंवा पुन्हा पाठवावा लागला, तर तेवढी वेळ सरकते. दोन टोकांना थोडाबहुत फरक चालत असेल तिथेच सापेक्ष वेळ वापरा. एकाच आरक्षणात तीन-चार नियंत्रक (आरक्षणं राबवणारी सॉफ्टवेअरं) सामील असतील तर ठरावीक वेळच बरी.

३२ बिटांवरून आठवलं. १९७० पासूनच्या सेकंदांची चिन्हरहित (उणे आकडे नसलेली) मोजणी २१०६ पर्यंत पुरते. पण कोडमध्ये तोच आकडा चिन्हासह साठवला असेल तर १९ जानेवारी २०३८ नंतरची वेळ उणे होते. पंधरा वर्षं मुदतीच्या करारासाठी आज कुणी आरक्षण टाकलं तर ही अडचण आजच उभी राहते, २०३८ ची वाट बघत नाही.

पुनरावृत्तीची आरक्षणं हा वेगळाच ताप. ‘रोज रात्री २:३० ला बॅकअप’ अशी विनंती मध्य युरोपासारख्या, घड्याळ ऋतूनुसार पुढेमागे होणाऱ्या भागातून आली, तर वर्षातल्या एका रात्री २:३० वाजतच नाहीत आणि दुसऱ्या एका रात्री दोनदा वाजतात. एक लायब्ररी ते आरक्षण गुपचूप वगळते, दुसरी तासभर सरकवते. कुठलीही लायब्ररी घ्या, पण काय व्हायला हवं हे तुम्ही ठरवा. ‘रोज’ म्हणजे ८६,४०० सेकंद धरणारा कोड तर बदलानंतर सगळीच आरक्षणं एका तासाने चुकवतो.

सगळं यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत साठवा, हा सल्ला सर्रास दिला जातो. झालेल्या घटनांसाठी तो उत्तम आहे. पुढच्या वर्षीच्या स्थानिक वेळेसाठी अपुरा आहे, कारण टाइमझोनचे नियम सरकारं मधेच बदलतात. तेव्हा मूळ स्थानिक वेळ आणि झोनचं नाव जपायला हवं, यूटीसी त्यातून काढायचं. तारीख-वेळ लिहिण्याच्या आरएफसी ३३३९ च्या रूपात यूटीसीपासूनचा फक्त तासामिनिटांचा फरक जातो, झोनचं नाव जात नाही. ती सोय २०२४ च्या आरएफसी ९५५७ ने केली.

जाता जाता, गल्लत नको म्हणून: आयईईई ८०२.१क्यूबीव्ही या नेटवर्क स्विचसाठीच्या मानकामध्येही वेळापत्रक असतं, पण ते स्विचच्या गेटचं, मायक्रोसेकंदांच्या हिशोबातलं. तिथे पीटीपीच्या जातीची, अतिशय काटेकोर घड्याळजुळणी लागते. तासांच्या आरक्षणाला बहुतेक वेळा एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरची नेहमीची घड्याळजुळणी पुरते. दोन्ही गरजा एकाच एपीआयमध्ये कोंबल्या की दोघांचंही नीट होत नाही.

राखून ठेवणं आणि पक्कं करणं एकच समजणं

मार्ग दोन-तीन नेटवर्कमधून जात असेल तर पहिल्याने होकार दिल्यावर दुसरा नाही म्हणू शकतो. अनेक नेटवर्कमधून जोडणी मागण्यासाठीच्या, ओपन ग्रिड फोरमच्या एनएसआय मानकात म्हणूनच टप्पे वेगळे आहेत: आधी जागा राखायची, सगळ्यांचे होकार आले की पक्की करायची, नाहीतर सोडायची. राखीव अवस्थेला मुदत असते. ती उलटली की जागा मोकळी. त्यानंतरही मार्ग प्रत्यक्ष चालू होतो तो सुरुवातीची वेळ झाली असेल आणि ग्राहकाने ‘प्रोव्हिजन’, म्हणजे ‘चालू करा’ म्हटलं असेल, तेव्हाच.

घरच्या घरी बनवलेल्या सेवांमध्ये ही मुदत हमखास राहून जाते. विनंती करणारा मधेच बंद पडतो आणि राखलेली जागा कायमची अडकते. याचा जोडीदार म्हणजे उत्तर न आल्यामुळे पुन्हा पाठवलेली विनंती. सर्व्हरने तिला नवी समजून दुसरी जागा राखली की झालं. विनंतीला मागणाऱ्याने स्वतः दिलेला क्रमांक असावा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर पहिलंच उत्तर परत द्यावं. आरक्षण बदलतानाही जुनं सोडून नवं मागू नका. मधल्या क्षणात दुसरा कुणी जागा घेऊन जातो. आवृत्ती क्रमांक देऊन बदल मागा, नवा पक्का होईपर्यंत जुना जिवंत ठेवा.

दहा म्हणजे बरोबर दहा

माणसं वेळ मागतात ती पूर्ण तासाची. त्यामुळे दहाच्या ठोक्याला शंभर मार्ग एकदम उभारायची वेळ येते, नियंत्रक आणि राउटर दोघेही धापा टाकतात, आणि शेवटच्या ग्राहकाचं आरक्षण मिनिटभर उशिरा सुरू होतं. उभारणी आधीच, थोडी पसरवून सुरू करा. आरएफसी ८९३४ मध्ये आधी आणि नंतरच्या सवलतीच्या काळाची सोय आहे, आणि ठरलेल्या मर्यादेत संपूर्ण काळच मागेपुढे सरकवण्याचीही. आधी उभारलेल्या मार्गाची जागा हिशोबात कधीपासून धरायची, हे मात्र ठरवून ठेवा. नाहीतर ९:५८ ला नवा मार्ग जुन्याच्या अंगावर येईल.

नियंत्रक ९:५५ ला बंद पडून १०:०५ ला उठला, तर निव्वळ टाइमरवर बेतलेली रचना दहाची घटना विसरते. उठल्यावर ‘आत्ता काय चालू असायला हवं’ हे डेटाबेसला विचारायचं आणि प्रत्यक्षाशी जुळवायचं. लिंक तुटली तर चालू आरक्षणांची सोय आधी लावायची, पण तिच्यावर टाकलेली पुढची आरक्षणंही त्याच वेळी तपासायला घ्यायची. सुरुवातीच्या क्षणी कळवलेला नकार ग्राहकाच्या काही कामाचा नसतो.

तक्रार आली तर

आधी ग्राहक, नियंत्रक आणि उपकरण या तिघांची घड्याळं एकाच वेळी बघा. मग आरक्षण नेमकं कुठल्या अवस्थेत अडकलं आहे ते पाहा. ‘मंजूर’ हा एकच शब्द राखलेलं, पक्कं आणि चालू अशा तिन्ही अवस्थांना वापरला असेल तर अर्धा दिवस तिथेच जातो. नकार मिळाला असेल तर कोणत्या लिंकवर, कोणत्या क्षणी, किती कमी पडलं हे लॉगमध्ये असायला हवं. ते असेल तर ग्राहकाला ‘साडेबारानंतर जागा आहे’ असं उत्तरही देता येतं.

शेवटी दर लिंकमागे दोन आकडे समोर ठेवा: या क्षणी डेटाबेसच्या मते दिलेली बँडविड्थ, आणि उपकरणावर खरोखर आरक्षित असलेली. उपकरणावरचा आकडा मोठा असेल तर संपलेली आरक्षणं कुणी काढलेली नाहीत. डेटाबेसचा मोठा असेल तर उभारणी फसली आहे आणि ती चूक कोडमध्ये कुठेतरी गिळली गेली आहे. दोन्ही आकडे जुळत असूनही ग्राहक ओरडत असेल, तर आरक्षण ठीक आहे, त्याचा ट्रॅफिक त्या मार्गावर वळवणारा नियम तपासा.