अंगणात घरटं झालंय? मग या चुका टाळा

आपण घरट्याकडे बघत असतो, तेव्हा कौलावरचा कावळा आपल्याकडे बघत असतो. हे मला उशिरा कळलं. पडवीसमोरच्या जास्वंदीत लालबुड्या बुलबुलाच्या जोडीनं वाटीसारखं घरटं केलं, तीन अंडी आली, आणि मी दिवसातून पाच-पाच वेळा फांदी बाजूला सारून मोबाइलवर फोटो काढू लागलो. चौथ्या दिवशी घरटं होतं तसंच, अंडी गायब. तेव्हा मांजरीला शिव्या घातल्या. पण मांजर आली असती तर घरटं इतकं नीटनेटकं राहिलं नसतं. कावळा, भारद्वाज की धामण, आता कळायला मार्ग नाही. वाट मात्र बहुधा मीच दाखवली.

पानं बाजूला सारणं

ती पानं म्हणजे घरट्याचं छप्पर आणि आडोसा. एप्रिल-मेच्या उन्हात उघडं पडलेलं बिनपिसांचं पिल्लू फार वेळ टिकत नाही. घरातूनच बघा, खिडकीआडून, एका जागी बसून. ८ x ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, साधी दुर्बीण असली तर पिल्लांना भरवलेली अळीसुद्धा दिसते. आपण फार जवळ आहोत का, हे पक्षीच सांगतो. चोचीत किडा घेऊन तो शेजारच्या तारेवर बसलाय, सारखा ओरडतोय पण घरट्यात जात नाहीये, तर उठा आणि मागे सरका. तुम्ही हटलात की मिनिटाभरात तो आत गेलेला दिसेल.

जळमट समजून झाडून टाकणं

शिंजीर म्हणजे फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी. त्याचं घरटं पहिल्यांदा बघणाऱ्याला कचराच वाटतो, त्यात त्याचा दोष नाही. विजेच्या वायरीला किंवा वाळत घालायच्या दोरीला लोंबणारा एक लांबट झुबका: कोळ्याची जाळी, सालींचे तुकडे, सुकी पानं, किड्यांची विष्ठासुद्धा. नीट पाहिलं की बाजूला भोक आणि त्यावर इवलीशी वळचण दिसते. बांधायचं आणि उबवायचं काम मादीचं. चकचकीत नर बहुतेक वेळ आसपास मिरवत असतो, पिल्लांना भरवायला मात्र हातभार लावतो. लग्नकार्याच्या किंवा सणाच्या झाडलोटीत अशी किती घरटी केरात जात असतील! कुंचा फिरवण्याआधी पाच मिनिटं थांबून बघा, कुणी ये-जा करतंय का.

‘सोडून गेली’ असं ठरवून मोकळं होणं

अंडी आहेत, पण पक्षी बसत नाही? थांबा. हे छोटे पक्षी सहसा रोज एकच अंडं घालतात आणि सगळी होत आली की मगच नेटानं बसतात. बुलबुलाची अंडी उबायला साधारण दोन आठवडे लागतात. खरी नाजूक वेळ काड्या गोळा करण्याची. तेव्हा त्रास झाला तर जोडी अर्धं घरटं टाकून सरळ दुसरीकडे जाते.

खाली पडलेलं पिल्लू उचलून घरात आणणं

अंगावर पिसं, आखूड शेपूट, टुणटुण उड्या मारतंय? मग ते पडलेलं नाही, स्वतःहून बाहेर आलंय. आईबाप जवळपासच असतात आणि जमिनीवरही भरवतात. रस्त्यात असेल तर शेजारच्या झुडपात ठेवा, मांजर-कुत्रं कोंडून घाला, आणि तिथून निघा. अगदी उघडंवाघडं असेल तर अलगद परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई घेत नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत खोटी आहे. दूध पाजू नका. चोचीत पाणीही सोडू नका, ते श्वासनळीत जातं.

वाऱ्यानं घरटंच खाली आलं, तर मोठ्या करवंटीला तळाशी दोन-तीन भोकं पाडा, त्यात घरटं बसवून त्याच झाडावर सावलीत बांधा. पिल्लांच्या आवाजावर आईबाप परत येतात. तास-दोन तास लांबून नजर ठेवा.

पिल्लं मोठी झाली की शेवटच्या दिवसांत डोकावूच नका. घाबरून ती उडता येण्याआधीच उडी टाकतात.

फवारणी आणि छाटणी

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला की हात पंपाकडे जातो. पण एरवी फळं किंवा मध खाणारे बुलबुल-शिंजीरही पिल्लांना किडेच भरवतात. दोन-तीन आठवडे कळ काढा. पावसाआधीच्या कुंपणछाटणीचंही तेच: आधी आत बघा, मग कोयती. एक सांगायला हवं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं किंवा घरट्याला त्रास देणं हे ‘शिकारी’च्या व्याख्येतच बसतं.

यंदा जास्वंदीत पुन्हा काड्या दिसतायत. स्वयंपाकघराच्या खिडकीचं दार मी दोरीनं बांधून ठेवलंय, बोटभर फट राहील एवढं.