व्यसनप्रतिबंधाच्या कामासाठी सरकारी अनुदान : प्रस्ताव कसा करावा आणि हिशेब कसा ठेवावा

सत्तरी, डिचोली किंवा पेडणे तालुक्यातील एखादे महिला मंडळ गावातील तरुणांची व्यसने रोखण्यासाठी काही करायचे ठरवते, तेव्हा सर्वप्रथम चौकशी होते ती अनुदान कुठून मिळेल याची. माझ्या मते त्याआधी, आपण नेमके कोणते काम करणार आहोत, हे कागदावर स्पष्ट उतरले पाहिजे, कारण सरकारी पैसा विशिष्ट कामासाठी ठरवून दिलेल्या शीर्षाखालीच, म्हणजे खर्चाच्या मंजूर सदराखालीच, मिळतो आणि त्या शीर्षात न बसणारा प्रस्ताव कितीही तळमळीने लिहिला तरी परत येतो.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या, २०१८ पासून सुरू असलेल्या, अमली पदार्थांची मागणी घटवण्याच्या राष्ट्रीय कृती योजनेत कामांचे वेगवेगळे प्रकार आहेत. समवयस्क कार्यकर्त्यांमार्फत किशोरवयीन मुलांमध्ये जागृती आणि जीवनकौशल्ये रुजवायची असतील तर तो प्रस्ताव सीपीएलआय या घटकाखाली जातो. वस्तीत जाऊन व्यसनी व्यक्ती शोधणे, समुपदेशन करणे आणि उपचारांसाठी पुढे पाठवणे हे ओडीआयसीचे काम आहे. आणि रुग्णांना ठेवून घेणारे पुनर्वसन केंद्र आयआरसीएत येते. नव्या संस्थेने या तिसऱ्या वाटेला घाईने जाऊ नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला आहे, त्यामुळे निवासी केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. नैराश्य, चिंता यांवरील उपचारांचे काम आरोग्य खात्यामार्फत चालणाऱ्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे आहे. ते आपल्या खर्चात न दाखवता, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे सहकार्याचे पत्र जोडावे आणि गंभीर रुग्णांना बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत कसे पाठवणार, तेवढे लिहावे.

कागदपत्रांत नोंदणी प्रमाणपत्र, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील क्रमांक आणि पीएफएमएस या सरकारी निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीत नोंदवलेले बँक खाते तयार ठेवावे. या सर्वांवर संस्थेचे नाव अक्षरशः एकच असावे. गोव्यात गावांच्या नावांचे रोमन स्पेलिंग दोन-दोन तऱ्हांनी लिहिले जाते. साखळीचे नाव एका कागदावर सांकेलीम आणि दुसऱ्यावर साखळी असे आले, तर तपासणारा अधिकारी त्यांना दोन संस्था समजू शकतो. याच कामासाठी दुसऱ्या खात्याकडून अनुदान घेतलेले किंवा मागितलेले नाही, असे प्रमाणपत्रही द्यावे लागते.

गरज मांडताना संपूर्ण गाव व्यसनाधीन झाल्याचे लिहू नये. ते खरेही नसते आणि गावकऱ्यांच्या मनाला लागतेही. देशात १० ते ७५ वयोगटातील सुमारे १४.६ टक्के लोक मद्यसेवन करतात, असे २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळले. ही पार्श्वभूमी एका वाक्यात देऊन लगेच आपल्या वाड्यांकडे वळावे : मुले शाळा कुठल्या इयत्तेत सोडतात, हुर्राकाच्या (काजूच्या रसापासून गाळलेल्या दारूच्या) दिवसांत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, कोणत्या तक्रारी वाढतात, आरोग्य केंद्रातील नोंदी काय सांगतात. मानधनावरील स्थानिक समुपदेशकांचा खर्च पटवून देण्यासाठी आपल्याच राज्यातला भक्कम आधार आहे. संगत या संस्थेने गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य व्यक्तींमार्फत मोजक्या भेटींचे समुपदेशन करून पाहिले आणि घातक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या पुरुषांवर त्याचा चांगला परिणाम दिसल्याचे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. मात्र त्या समुपदेशकांना प्रशिक्षण आणि सततची देखरेख होती. म्हणून अंदाजपत्रकात या दोन्हींसाठी तरतूद ठेवावीच.

पैसा आल्यावर सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ लागू होतात. अनुदानावर मिळालेले व्याज हिशेब पूर्ण होताच सरकारजमा करावे लागते. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत याच नियमांतील जीएफआर १२-ए या नमुन्यात विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यावे लागते, आणि अनुदानातून घेतलेली वस्तू परवानगीशिवाय विकता येत नाही. मानधनातून उरलेली रक्कम आमच्या मंडळाने एकदा फलक छापण्यावर खर्च केली. काम चांगलेच होते, तरीही शीर्ष बदलण्याची लेखी मंजुरी नसल्याने ती पदरमोड करून भरावी लागली. तेव्हापासून प्रत्येक व्हाउचरच्या कोपऱ्यात आम्ही अंदाजपत्रकातील अनुक्रमांक त्याच दिवशी लिहितो. पंचायत सभागृहातील शिबिराच्या चहाची पावतीसुद्धा तारीख, दुकानदाराची सही आणि हजेरीपटाचा क्रमांक असल्याशिवाय रोकडवहीत चढत नाही.

अहवालासाठी खात्याला आकडे आणि छायाचित्रे हवी असतात. शिबिरातील वक्ते आणि सभागृह दाखवावे; समुपदेशनासाठी आलेल्या व्यक्तीचा चेहरा, नाव किंवा वाड्याचे नाव कधीही देऊ नये, कारण लहान गावात तेवढ्यानेही माणूस ओळखला जातो आणि पुन्हा येत नाही. प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक द्यावा, अहवालात तोच वापरावा, आणि क्रमांक व नावे जोडणारी एकमेव वही समुपदेशकाच्या ताब्यात, कुलूपबंद कपाटात ठेवावी.