शेळीच्या दुधाच्या साबणासाठी सुगंध कसा निवडावा

शेळीच्या दुधाचा साबण घरी करून विकू पाहणाऱ्यांना सुगंधाबद्दल हमखास मिळणारा सल्ला म्हणजे बाटलीचे झाकण उघडावे आणि जो वास आवडेल तो घ्यावा. हा सल्ला देणाऱ्याने साबणाचा एकही घाणा स्वतःच्या हाताने साच्यात ओतलेला नसावा, असे माझे मत आहे. बाटलीतला वास आणि कॉस्टिक सोड्यातून व दुधातून गेल्यावर सहा आठवड्यांनी वडीला उरणारा वास या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि गिऱ्हाईक पैसे मोजते ते दुसऱ्या वासाचे. सोडा तोलणे, हातमोजे आणि चष्मा घालणे, थंड पद्धतीने साबण करणे हे सर्व तुम्हाला येते असे गृहीत धरून पुढचे लिहीत आहे.

पहिला घाणा सुगंध न घालता करावा. दुधातील साखर सोड्याच्या उष्णतेने करपते, म्हणून दूध गोठवून, भुगा करून त्यात सोडा थोडा थोडा घालावा लागतो; तरीही वडीचा रंग पांढरा राहत नाही, साईपासून फिक्या बदामी रंगापर्यंत कुठेही जातो. सोडा घालताना अमोनियासारखा नाकात जाणारा वास येतो, तो वडी सुकताना निघून जातो. तो झाकण्यासाठी सुगंध वाढवण्याची चूक करू नये. बोकडाचा दर्प मात्र निघत नाही. बोकड दुभत्या शेळ्यांजवळ बांधलेला असेल, तर दुधाला तो वास लागतो आणि मोगऱ्याने झाकू पाहिले तर वडीला दोन्ही वास येतात. त्यावर उपाय गोठ्यातच करायचा असतो. ही बिनवासाची वडी टाकाऊ समजू नका, कारण वासाचा त्रास होणारी माणसे तीच मागतात. माझ्या चार प्रकारांपैकी तो एक कायमचा आहे.

सुगंध विकत घेताना अत्तराच्या दुकानातली कुपी, अगरबत्तीचे सुगंधी तेल आणि खाण्याचा इसेन्स या तीन गोष्टी पूर्णपणे वर्ज्य समजाव्यात. अगरबत्तीचे सुगंध बहुधा डायइथाइल थॅलेटसारख्या द्रावकात पातळ केलेले असतात आणि ते जाळण्यासाठी असतात, अंगाला लावण्यासाठी नव्हे. विक्रेत्याकडून इफ्राचे, म्हणजे सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सुरक्षा-मर्यादांचे, प्रमाणपत्र मागावे आणि त्यातील नववा वर्ग पाहावा, कारण धुऊन टाकायच्या साबणासारख्या वस्तूंची मर्यादा त्या वर्गात दिलेली असते. व्हॅनिलिनचे, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणाऱ्या आणि साबण काळपट करणाऱ्या घटकाचे, प्रमाण किती, हेही विचारावे. ज्याला ही दोन उत्तरे देता येत नाहीत, त्याच्याकडून शंभर ग्रॅमही घेऊ नये. सुगंधाचा ‘फ्लॅश पॉइंट’ कमी असेल तर तो साबणात उडून जातो, असे ठासून सांगणारे पुष्कळ भेटतील. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेते ते तापमान. साठवणूक आणि वाहतूक यांसाठी त्याला महत्त्व आहे, साबणात वास टिकण्याशी त्याचा संबंध नाही.

टिकाऊपणाचा हिशेब सोपा आहे. संत्रे, लिंबू, मोसंबी यांची तेले हलकी असल्याने महिन्याभरात विरतात. गवती चहा चांगला टिकतो, पण त्यातील सिट्रल काहींच्या त्वचेला झोंबते, म्हणून तेलांच्या वजनाच्या दोन टक्क्यांवर मी जात नाही. वाळा, पाचोली आणि देवदार ही जड तेले सर्वांत जास्त टिकतात आणि हलक्या वासांना धरूनही ठेवतात. संत्र्याचा वास हवाच असेल तर त्याला वाळ्याचा आधार द्यावा. सोनचाफा, बकुळ, प्राजक्त हे वास घरगुती साबणाला परवडतील ते कृत्रिमच, आणि तसे सांगून विकण्यात कमीपणा नाही. अस्सल चंदनतेलाचा भाव पाहता साध्या किमतीच्या वडीवर ‘शुद्ध चंदन’ लिहिणारा एक तर तोट्यात आहे किंवा खोटे बोलत आहे. गुलाबपाण्याचा वास साबणात उरत नाही, आणि गुलाबाच्या पाकळ्या साबणात मिसळल्या तर काळ्या पडतात.

आता ज्या टप्प्याने मला सर्वांत जास्त छळले तो. काही सुगंध मिश्रणात पडताच साबण झपाट्याने घट्ट करतात. लवंग आणि दालचिनीच्या पानांचे तेल यांत युजेनॉल असते, ते स्वतःच सोड्याशी संयोग पावते, त्यामुळे हे दोन्ही ठरलेले गुन्हेगार. पण फुलांचे कृत्रिम वासही, विशेषतः मोगरा, जाई आणि कमळ या नावांनी मिळणारे, तितकेच बेभरवशाचे असतात. काही वेळा दोष वासाचा नसून तो ज्या द्रावकात मिसळलेला असतो त्याचा असतो, म्हणून एका विक्रेत्याचा मोगरा गुणी आणि दुसऱ्याचा उपद्रवी असे घडते. एका लग्नात आहेर म्हणून द्यायच्या १२० वड्यांचे काम मी वैशाखात घेतले होते. मोगऱ्याच्या बाटलीवर ‘साबणासाठी योग्य’ असे छापलेले होते, आणि पाण्याने केलेल्या साबणात मी तो एकदा वापरलाही होता. दुधाच्या मिश्रणात तो ओतल्यावर मिनिटभराच्या आत हँड ब्लेंडर घट्ट गोळ्यात रुतून बसला. तो गोळा मी उलथन्याने साच्यात दाबला, रात्री वरून चिरा गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी कापल्यावर आतला भाग तपकिरी निघाला. त्या वड्या किसून वर्षभर घरचे कपडे धुतले.

त्यातून दोन गोष्टी शिकले. दुधाच्या साबणाची चाचणी दुधातच घ्यावी, कारण दुधातील साखर मिश्रण आधीच तापवते आणि तापवणाऱ्या सुगंधाची त्यात भर पडते. दुसरे म्हणजे बाटलीवरच्या मजकुरावर नव्हे, घड्याळावर विश्वास ठेवावा. मी एक किलो तेलांचा घाणा करते, मिश्रण ताकापेक्षा जरासे दाट झाले की ब्लेंडर बंद करते आणि पाच पेल्यांत सारखे वाटते. चार पेल्यांत चार सुगंध प्रत्येकी तेलाच्या तीन टक्के, म्हणजे दोनशे ग्रॅम तेलामागे सहा ग्रॅम, आणि पाचवा पेला कोरा. चमच्याने ढवळत घड्याळ लावायचे. पाच मिनिटांनंतरही मिश्रण ओतता येते का, रव्यासारखे दाणे धरतात का, तेल सुटून वर येते का, हे लिहून ठेवायचे. नंतर तासभर पेल्याला अधूनमधून हात लावून कोणता जास्त तापतो ते पाहायचे. कोऱ्या पेल्याशी तुलना नसेल तर दोष पाककृतीचा की सुगंधाचा हे कधीच कळत नाही, आणि हाच पेला लोक वाचवतात.

पेल्यात उत्तीर्ण झालेला सुगंधही लगेच दहा किलोंत घालू नये. लहान पेला लवकर निवतो, मोठ्या साच्याच्या मध्यभागी उष्णता साठून राहते. म्हणून मध्ये एक किलोचा स्वतंत्र घाणा हवाच. फुलांच्या वासांसाठी तेले आणि दूध दोन्ही ३५ अंशांच्या खाली ठेवावीत, सुगंध थोड्या तेलात आधी मिसळून घ्यावा, तो शेवटी घालून हाताच्या रवीनेच ढवळावा आणि ब्लेंडर पुन्हा लावू नये. द्रवाचे प्रमाण कमी करण्याची हौस इथे करू नये. साचा भरल्यावर गोधडीत गुंडाळायचा सल्ला दुधाच्या साबणाला लागू नाही. मी तो रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते. मे महिन्यात दुपारी तर मी फुलांचा वास हाताळतच नाही, पहाटे करते.

यानंतर सहा आठवडे थांबावे. व्हॅनिलिन असलेला वास वडीला काही दिवसांत कॉफीच्या रंगावर नेतो. तो रंग चालणार असेल तरच घ्यावा. वडी दर आठवड्याला कोरडी हुंगावी आणि चौथ्या व सहाव्या आठवड्यात ओल्या हातावर चोळून पाहावी, कारण काही वास कोरड्या वडीत मुके असतात आणि पाणी लागल्यावर उठतात. हुंगण्याचे काम स्वतः करू नये. दिवसभर त्याच वासात वावरणाऱ्याचे नाक निकामी झालेले असते. शेजारच्या दोघींना वासाचे नाव न सांगता वड्या द्याव्यात. पावसाळ्यात वड्यांना दव सुटते आणि सुकायला वेळ लागतो, तेव्हा निकाल आणखी दोन आठवडे लांबवावा.

विक्रीसाठी बिनवासाची वडी धरून चारच प्रकार ठेवावेत. पुण्याच्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी मांडलेल्या बारा वासांपैकी चौथ्यानंतर कुणालाच काही वेगळे कळत नाही, आणि गिऱ्हाईक ‘नंतर येते’ म्हणून निघून जाते. माझ्याकडे गवती चहा, मोगरा (आता गुणी विक्रेत्याचा) आणि वाळा-नागरमोथ्याचे उटण्याच्या वळणाचे मिश्रण आहे. तिसरे दिवाळीआधी संपते, म्हणून ते भाद्रपदातच करून ठेवावे लागते. लॅव्हेंडर पुष्कळांनी सुचवले, पण आमच्याकडे येणाऱ्यांना त्याने हॉटेलची न्हाणीघरे आठवतात.

किंमत काढणे एका ओळीचे काम आहे: किलोभर तेलांतून १०० ग्रॅमच्या सुमारे १५ वड्या निघतात, त्यांत ३० ग्रॅम सुगंध जातो, म्हणजे ३,००० रुपये किलोच्या सुगंधाचा खर्च वडीमागे सहा रुपये. विक्रीसाठी साबण करायला सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार परवाना लागतो, महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देते. वेष्टनावर ‘खरूज बरी होते’ यांसारखे दावे छापू नयेत. सुगंधाची नवी बाटली आली की तिच्यावरचा बॅच क्रमांक वहीत लिहावा, आणि जुन्या विक्रेत्याचा, जुन्याच नावाचा वास असला तरी आधी एक पेला करून पाहावा.