देवाचे सार्वभौमत्व आणि माणसाचा विश्वास : प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27 कसा वाचावा

देवच सर्व ठरवतो, तर माणसाच्या विश्वासाला अर्थ काय, हा प्रश्न अभ्यासाला घेताना सुरुवात वादापासून न करता बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या या अध्यायापासून करावी. प्रथम 21 ते 26 ही वचने वाचावीत. तेथे वादळात सापडलेल्या तारवावरील कोणाचाही प्राण जाणार नाही, असे आश्वासन देवाने, त्याच तारवात कैदी म्हणून असलेल्या प्रेषित पौलाला दिले आहे. मग थेट 30 ते 32 या वचनांकडे वळावे. नांगर टाकण्याचे निमित्त करून खलाशी पळून जाण्यासाठी होडी समुद्रात सोडतात, तेव्हा तोच पौल शताधिपतीला (शिपायांच्या रोमी अधिकाऱ्याला) बजावतो की हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. आणि शिपाई होडीचे दोर कापून टाकतात. येथे घाई करू नये. वचन पक्के असूनही इशारा खरा आहे, कारण देवाने शेवट ठरवला तसा तेथवरचा मार्गही ठरवला, असे मला मनापासून वाटते. त्यानंतर फिलिप्पैकरांस पत्र 2:12-13 वाचावे; माणसाने आपले तारण साधून घ्यावे आणि देवच त्याच्या ठायी कार्य करतो, या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र येतात. रोमकरांस पत्राचा नववा अध्याय मात्र दहाव्याशिवाय कधीही शिकवू नये. देवच माणसांना निवडतो या नवव्या अध्यायातील शिकवणीपाठोपाठच, जो कोणी प्रभूचा धावा करील त्याचे तारण होईल, असे पौल तेथे लिहितो.