फारसी लघुचित्राचं सुटं पान माउंटमध्ये बसवताना

पान उलटण्याआधी टॉर्च कागदाच्या अगदी लगत, आडवा धरा आणि दहापट भिंगातून रंगाचा थर पाहा. रंग डिंकात कालवलेले आणि कागद खळ लावून अकिकानं घोटलेला. त्यामुळे जाड लावलेला सफेदा, विशेषतः मोत्यांचे ठिपके, आधी सुटतात. कड उचललेली दिसली तर पान तसंच ठेवून संवर्धकाला बोलवा.

थर घट्ट असेल तर दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून पान उलटा. आता हिरवा शोधायचा. हा रंग अनेकदा जंगाल, म्हणजे तांब्याचा क्षार असतो आणि तो कागद खातो. पाठीमागे तपकिरी छटा उमटली असेल तर तेवढा भाग ठिसूळ समजा. जंगालात केशर मिसळायची रीत इराणी चित्रकारांना ठाऊक होती. तसा हिरवा जास्त टिकतो. खरा दगा देते ती जदवल, चित्राभोवतीची रंगीत रेघांची चौकट. तिच्यातली हिरवी रेघ कागद चिरत जाते आणि चित्र समासातून खिडकीसारखं निखळतं. म्हणूनच पान कोपऱ्याला धरून उचलायचं नाही, पुठ्ठ्यासकटच हलवायचं.

बागेतला ओढा काळा दिसला तर पुसू नका. ती काळवंडलेली चांदी आहे, घासली की ओढाच जाईल.

पान माउंटच्या पुठ्ठ्याला जोडणाऱ्या कागदी पट्ट्यांसाठी, म्हणजे बिजागऱ्यांसाठी, जपानी कोझो (तुतीवर्गीय झाडाच्या सालीचा) कागद कापू नका, फाडा. तंतुमय कडेचा वळ पुढे उमटत नाही. वरच्या कडेला दोन पुरेत. पानावर तीनेक मिलिमीटर चिकटू द्या, पण हिरव्या रेघेपासून दूर. गव्हाच्या स्टार्चची खळ घट्ट हवी; आधी टिपकागदावर फिरवून ओल काढा. पातळ खळीनं कागद सुरकुततो, शिवाय ओलीबरोबर तांबं आजूबाजूला पसरतं. वर टिपकागद आणि हलकं वजन ठेवून पूर्ण वाळू द्या. सेलोटेप किंवा फेव्हिकॉल जवळही आणू नका.

माउंट आम्लरहित, कापसाच्या लगद्याचा. चित्र आणि काच यांत चारेक मिलिमीटर अंतर राहील इतका जाड घ्या. ॲक्रिलिक टाळलेलं बरं: पुसताना त्यावर स्थिर वीज साचते आणि सुटू पाहणारे कण ओढले जातात.

दालनात प्रकाश 50 लक्सच्या आत, आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास आणि स्थिर. तीन महिने मांडलं की पान पुन्हा अंधाऱ्या पेटीत, आडवं.